३७५ मॅग्नमचा धक्का सहन होत नाही – मझल ब्रेक बसवावा का?

मालगुजारांचा_नातू
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. आजोबांची ३७५ मॅग्नम (जोरदार काडतुसाची मोठी रायफल) वडिलांनंतर आता माझ्या लायसन्सवर चढली, कागदपत्रं सगळी झाली. शिकारीचा प्रश्नच नाही, १९७२ ला कायदा आला, त्यानंतर ते सगळं संपलं, मी फक्त रेंजवर कागदाच्या टार्गेटवर झाडतो. पण भाऊ ही रायफल मारते म्हणजे अशी मारते की काही विचारू नका. उभं राहून झाडली तर एक वेळ ठीक आहे, अंग मागे जातं अन् धक्का वाटला जातो, पण टेबलावर बसून सँडबॅगवर टेकवून झाडली की पोळ्याच्या बैलाने ढुशी दिल्यासारखं होतं, नंतर शर्ट काढला की गळ्याच्या हाडाखाली निळं. त्यापेक्षा वाईट म्हणजे आता ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात, त्यामुळे टार्गेटवर गोळ्या कुठेही लागून राहिल्या.

यूट्यूबवर पाहतो तर अमेरिकेतली पोरं मोठमोठ्या मॅग्नमच्या तोंडावर मझल ब्रेक (वायू बाजूला वळवून धक्का कमी करणारं भोकांचं नळकांडं) लावून हसत हसत झाडून राहिली. तर प्रश्न असा की हे खरंच चालतं का, आणि नागपुरात बसून माझ्यासारख्याने त्याचा विचार करावा का? रायफल महायुद्धाच्या आधीची आहे, मॉझर अ‍ॅक्शन, नळीच्या टोकाला माशी (नेम धरायची पुढची खूण), वर नंतर कोणीतरी दुर्बीण बसवलेली.

खामल्याचा_पप्पू
चालतं ना भाऊ, शंभर टक्के चालतं. लाव बिनधास्त. किक अर्धी होते.

धरमपेठ_मास्तर
पप्पूभाऊ, अर्धी होते हे बरोबर, पण कोणत्या रायफलची, ते महत्त्वाचं. थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

धक्का फक्त गोळीचा नसतो. गोळीच्या मागून जळलेल्या दारूचा वायू निघतो, त्याचंही वजन असतं आणि तो गोळीपेक्षा कितीतरी जोरात निघतो. ३७५ ची ३०० ग्रेनची गोळी म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम, वेग सेकंदाला ७७० मीटर धरा, वजन किलोत घेऊन गुणाकार झाला १५. दारू ७२ ग्रेनच्या आसपास, म्हणजे ४.७ ग्रॅम, दिसायला किरकोळ, पण तिचा वायू तोंडातून निघताना सेकंदाला १४०० मीटरच्या घरात असतो, त्याचा गुणाकार साडेसहा. एकूण साडेएकवीस, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या वायूचा. तुमची रायफल ४ किलोची असेल तर ती सेकंदाला ५.४ मीटरने मागे येते आणि खांद्यात ५८ ज्यूल घालते. आता समजा तो वायू समोर न जाता पूर्ण आडवा वळवला. मग उरले १५, वेग ३.७५ आणि ऊर्जा फक्त २८ ज्यूल. वाटा तिसराच काढला पण ऊर्जा निम्म्याच्या खाली गेली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते.

प्रत्यक्षात सगळा वायू काही वळत नाही, बराचसा समोरच्या भोकातून गोळीच्या मागे निघून जातो. पण जो वळतो तो नुसता आडवा न सोडता थोडा मागच्या दिशेला फेकला तर तो रायफलीला उलटा पुढे ओढतो, त्यामुळे हिशोब परत जागेवर येतो. चांगल्या ब्रेकने ३० ते ५० टक्के फरक पडतो असं म्हणतात ते यामुळेच.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. हलकी गोळी आणि पोतंभर दारू अशी रायफल असली की ब्रेक जास्त काम करतो. ३०० विनचेस्टर मॅग्नम घ्या, १९६३ ची, तिच्यात वायूचा वाटा पाचातले जवळजवळ दोन हिस्से. उलट ४५-७० सारखं जुनं काडतूस, जड गोळी अन् कमी दारू, त्याला ब्रेक लावून हाती फारसं काही लागत नाही.

भिवापूरचा_शेतकरी
मास्तर तुमचं गणित मले निम्मं समजलं. मी त साधा माणूस, आमच्याकडे १२ बोअर आहे, पीक संरक्षणाचं लायसन्स. डुकरं हरभऱ्यात घुसून रात्रीतून एकर एकर लोळवून टाकतात. त्या बंदुकीचा बी धक्का कमी नाही, तिले हा ब्रेक लागते का?

धरमपेठ_मास्तर
दादा, लावून उपयोग नाही. १२ बोअरमध्ये छरे ३० ग्रॅमच्या वर आणि दारू जेमतेम दीड ग्रॅम. वायूचा वाटा सातवा हिस्सा, शिवाय नळीच्या तोंडापर्यंत येता येता त्याचा दाब उतरलेला असतो. वळवायला मुळात काही उरतच नाही. तुम्ही बटला (कुंद्याचं खांद्याला टेकणारं टोक) चांगलं रबर लावा आणि काडतूस हलकं वापरा.

कामठीचा_तोपची
सेवानिवृत्त, आर्टिलरी. रायफलवाल्यांच्या धाग्यात घुसतो, माफ करा, पण ही चीज मुळात आमची आहे. १३० मिलिमीटरची एम-४६ तोफ पाहिली असेल तर तिच्या तोंडाला भोकं भोकं असलेलं लांबट नळकांडं असतं, तो मझल ब्रेकच. बोफोर्सला पण आहे. तोफ जड करायची नाही, ओढून डोंगरात न्यायची आहे, मग धक्का कुठेतरी जिरवायला पायजे. थोडा रिकॉइल सिस्टिममध्ये तेलाने अन् वायूने जिरतो, थोडा ब्रेकमुळे कमी होतो.

पण देवळालीला तोफखान्याच्या शाळेत पहिल्याच दिवशी काय शिकवतात, की ब्रेक धक्का खात नाही, तो धक्का वळवतो. वळवतो म्हणजे कुणाकडे? तर मागच्या बाजूला उभ्या असलेल्या पोरांकडे. फायरिंगच्या वेळी कोण कुठे उभं राहणार हे ठरलेलं असतं, कान झाकलेले, तोंड उघडं. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर एक राउंड गेला की समोर धुळीची भिंत उभी राहते, शत्रूला पत्ता द्यायची गरजच नाही. रायफलीचं पण तेच, फक्त माप छोटं. तुम्ही पोटावर झोपून झाडलं आणि ब्रेकला खालून भोकं असली तर पहिली गोळी गेल्यावर टार्गेट विसरा, डोळे चोळत बसा. म्हणून चांगल्या ब्रेकला खाली भोकं ठेवत नाहीत, बाजूला ठेवतात, काहींना वर थोडी असतात म्हणजे तोंड उचकत नाही.

जोबर्गचा_नागपूरकर
मूळ लक्ष्मीनगर, आता कामानिमित्त जोहान्सबर्ग. इथे शिकार कायदेशीर आहे, परवाने, खासगी राखीव रानं, सगळं रीतसर. माझ्याकडे ३७५ च आहे, कारण आफ्रिकेत बऱ्याच देशांत म्हशीसारख्या धोक्याच्या जनावराला किमान ३७५ लागते असा नियमच आहे. १९१२ पासूनचं काडतूस अजून टिकून आहे ते काही उगाच नाही.

माझ्या रायफलीला ब्रेक आहे आणि खरं सांगू का, टेबलावर ती थर्टी-ओ-सिक्ससारख्या मधल्या ताकदीच्या रायफलीसारखी वाटते. गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते, हा मोठा फायदा, ब्रेकशिवाय तर झाडल्यावर आभाळ दिसतं. पण रानात गेलो की गाइड पहिलं वाक्य काय बोलतो, तो भोंगा काढ. इथले प्रोफेशनल हंटर ब्रेकवर जाम खार खाऊन असतात. कारण शिकारीत तू कानाला मफ लावून फिरत नाहीस, आवाज ऐकायचा असतो, आणि तुझा ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा माणूस, तुझ्या बाजूला एक पाऊल पुढे काठी रोवून उभा असतो. म्हणजे ब्रेकच्या भोकाच्या बरोबर रेषेत त्याचं डोकं. मी स्वतः दुसऱ्या एकाच्या बाजूला उभा होतो, त्याने न सांगता झाडली, संध्याकाळी जेवतानाही कानात कुकर लागलेला.

त्यामुळे माझी पद्धत अशी, रेंजवर ब्रेक लावायचा, रानात जाताना काढून आट्यांवर टोपी बसवायची. फक्त एक लक्षात ठेवा, ब्रेक काढला की गोळी दुसरीकडे लागते. तोंडावरचं वजन बदललं की नळीची थरथर बदलते. कधी बोटभर फरक, कधी वीतभर. परत झिरो, म्हणजे नेम धरला तिथे गोळी लागते का ते, तपासल्याशिवाय निघायचं नाही. इथे आजकाल बरेच जण ब्रेक सोडून सायलेन्सर लावतात, तो धक्का पण कमी करतो आणि कान पण वाचवतो, माझ्या मते तेच शहाणपणाचं.

खामल्याचा_पप्पू
मग सायलेन्सरच लावून टाक ना नातूभाऊ 😄

संपादक_मंडळ
पप्पू, गंमत बाजूला. आवाज किंवा झोत दाबणारी जोडणी आपल्याकडे आर्म्स रूल्समध्ये प्रतिबंधित वर्गात आहे. या धाग्यावर तो विषय नको. तसंच घरी काडतूस भरणं, बिनलायसन्सच्या माणसाकडून नळीला हात लावून घेणं, यावर सल्ले टाकू नयेत, पोस्ट उडवली जाईल.

कानाचा_डॉक्टर
जोबर्गवाल्यांनी कुकर म्हटलं, तो कुकर काही जणांचा कधीच बंद होत नाही, म्हणून लिहितो. दरवर्षी दिवाळीनंतर माझ्याकडे कानात शिट्टी वाजते म्हणून पेशंट येतात. फटाक्यांना आपल्याकडे मर्यादा काय आहे? फुटलेल्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबल शिखर. आणि साधारण १४० च्या वरचा एकच आवाजसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो असं धरलं जातं. मोठी रायफल ब्रेकशिवाय झाडणाऱ्याच्या कानाशी १६० च्या आसपास असते. ब्रेक लावला की त्यात ५ ते १० ची भर. ऐकायला पाच-दहा छोटे वाटतात, पण १० डेसिबल म्हणजे ऊर्जा दहापट.

आता मफ. चांगला मफ २० ते ३० डेसिबल कापतो, तोही नीट बसला तर. चष्म्याची काडी मध्ये आली, दाढी आली, रायफलीच्या कुंद्यावर गाल टेकवताना मफ उचलला गेला, की त्यातले पाच-दहा गेले. म्हणून ब्रेकवाल्या रायफलीला कानात फोमचा बोळा आणि वर मफ, दोन्ही. दोघांची बेरीज होत नाही बरं, वरून लावलेला मफ फार तर ५ जास्त देतो, पण ते ५ लागतात. आणि वर पत्रा, बाजूला भिंत अशा रेंजवर आवाज फिरून परत येतो, शेजारच्या लेनवाल्याची काय चूक? कानाच्या आत ज्या बारीक केसपेशी असतात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खांद्याचा निळा डाग आठवड्यात जातो.

मालगुजारांचा_नातू
डॉक्टर, घाबरवलंत. पण बरं केलंत. आता बसवण्याबद्दल कोणी सांगेल का? समजा सगळं कायद्यात बसवून करायचं ठरवलं, तर कामाचं स्वरूप काय?

हिंगणा_एमआयडीसी_लेथ
आधीच सांगतो, माझ्याकडे नळी घेऊन येऊ नका, माझं बंदुकीच्या कामाचं लायसन्स नाही आणि आर्म्स अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती आणि फेरबदल करणाऱ्याला वेगळं लायसन्स लागतं. पण लेथचं काम आयुष्यभर केलंय म्हणून त्यातली गोम सांगतो.

लोकांना वाटतं नळीच्या टोकाला आटे पाडायचे अन् ब्रेक फिरवून बसवायचा, झालं. अडचण अशी की नळीचं भोक आणि नळीची बाहेरची गोलाई एका केंद्रावर असतातच असं नाही. जुन्या नळ्यांत तर हमखास इकडे तिकडे. बाहेरून चकमध्ये पकडून आटे पाडले तर आटे बाहेरच्या गोलाईला बरोबर येतील, भोकाला नाही. म्हणून भोकात दांडा घालून, डायल लावून, भोक फिरताना जागेवर फिरतं की नाही ते बघून मगच आटे. का एवढं? कारण ब्रेकचं भोक गोळीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठं असतं. मोठं ठेवलं तर वायू समोरूनच निसटतो, ब्रेकचा उपयोग काय. म्हणजे पाव मिलिमीटरची जागा एका बाजूला. ब्रेक थोडासा जरी वाकडा बसला तर गोळी आतल्या कडेला घासते, नशीब चांगलं असेल तर नुसता नेम जातो, नसेल तर ब्रेकचा तुकडा उडतो.

कामठीचा_तोपची
लेथवाल्यांना दुजोरा. २०१७ मध्ये पोखरणला धनुष तोफेच्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकला लागला होता, पेपरात आलं होतं. जबलपूरच्या कारखान्यातलं काम, एवढी तपासणी, तरी होतं. मग एकट्या माणसाने हौसेखातर केलेलं काम किती जपून करायला हवं ते बघा.

हिंगणा_एमआयडीसी_लेथ
आणि नातूभाऊंच्या बाबतीत त्याच्याही आधीची गोष्ट, माशी. जुन्या इंग्रजी रायफलीची माशी अगदी तोंडाजवळ पट्ट्यावर नाहीतर उंचवट्यावर बसवलेली असते. आटे पाडायला जागाच नाही. जागा करायची तर माशी उखडून मागे सरकवा, नाहीतर काढूनच टाका. एक फोटो टाका बरं टोकाचा.

मालगुजारांचा_नातू
फोटो टाकला. माशी तोंडापासून बोटाच्या दोन पेरांवर आहे. नळी तिथे बरीच बारीक आहे.

हिंगणा_एमआयडीसी_लेथ
पाहिला. ३७५ म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचं भोक, त्यातून आटे कापल्यावर भिंत किती उरणार? मला तरी हे काम पटत नाही. नवीन जाड नळीची रायफल असती, तोंडावर कारखान्यातूनच आटे आलेले असते, तर वेगळं बोललो असतो.

खामल्याचा_पप्पू
एवढं काय घाबरायचं, लोक जगभर लावतात.

जोबर्गचा_नागपूरकर
पप्पू, जगभर लावतात ते नव्या रायफलीवर. वेदरबीसारखी कंपनी ४६० मॅग्नमला ब्रेक लावूनच विकते, नळी तशी बनवलेली असते. मॉझर अ‍ॅक्शनची लढाईआधीची ३७५ कापणारा माणूस इथे भेटला तर लोक त्याला चहा पण विचारणार नाहीत. मूळ रूपात आहे तोपर्यंत तिला किंमत.

जुना_लायसन्सधारक
कायद्याचं माझ्याकडून थोडं. ब्रेक म्हणजे सायलेन्सर नव्हे, हे तुम्हाला मला माहीत. पण तपासणीच्या वेळी समोरच्या माणसाला नळीच्या टोकावर लावलेलं नळकांडं दिसलं की तो आधी सायलेन्सरच म्हणणार, मग तुम्ही समजावत बसा. शहरात लायसन्सचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, त्यामुळे काहीही करायचं तर आधी लेखी विचारून लेखी उत्तर घ्या, मग अधिकृत गनस्मिथ. मला विचाराल तर इतकी उठाठेव करण्याआधी रायफल तुमच्या मापाची आहे का ते बघा. जुन्या रायफलीच्या बटला जे लाल रबर असतं ना, त्यात नख दाबून पहा. नख रुततं का?

मालगुजारांचा_नातू
काका आत्ता पाहिलं. नख अजिबात रुतत नाही, खरचटल्यासारखी पांढरी रेघ उठली फक्त. कडेला बारीक भेगा आहेत आणि खालचा कोपरा तर तुटून पडलेला, तिथे उघडं लाकूड दिसतं. इतकी वर्षं लक्षच गेलं नाही.

जुना_लायसन्सधारक
मग तुम्ही रबरावर नाही, लाकडावर खांदा टेकवून ३७५ झाडून राहिले! ते रबर केव्हाच मेलंय. आजकालच्या मऊ पॅडने एकूण धक्का तेवढाच राहतो पण तो जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरतो, खांद्याला तेच पायजे असतं.

दुसरं वजन. मास्तर, हिशोब तुम्ही सांगा, अर्धा किलो वाढवलं तर?

धरमपेठ_मास्तर
४ चे साडेचार केले तर ५८ ज्यूलचे ५१ होतात. नळी कापायची नाही, आवाज वाढायचा नाही, फुकटात सात ज्यूल. बटच्या आतल्या पोकळीत वजन घालतात बरेच जण, पाऱ्याची बंद नळीही मिळते, पण तिची जादू मुख्यतः तिच्या वजनाचीच आहे असं माझं मत. आणि टेबलावर झाडताना खांदा आणि बट यांच्यामध्ये छोटी वाळूची पिशवी ठेवा, ती पण त्या क्षणापुरती वजनच आहे.

जोबर्गचा_नागपूरकर
दुर्बीण किती जवळ आहे ते पण बघ. ३७५ वर डोळा आणि काच यांच्यात ९-१० सेंटिमीटर तरी पाहिजेत. इथे रेंजवर नवख्यांच्या भुवईवर अर्धचंद्र उमटलेला नेहमी दिसतो, रक्त येतं आणि त्यानंतर तो माणूस कायमचा बिचकतो. तू डोळे मिटतोस म्हणालास, त्याचं मूळ खांद्यात आहे की भुवईत ते तपास.

मालगुजारांचा_नातू
भुवईला अजून नाही लागलं, पण काच जवळ आहे खरी, मोजतो. तर सध्या ब्रेक रद्द. पॅड बदलतो. एक शंका, नवीन पॅड इंचभर जाडीचं आहे, ते बसवायला कुंदा कापावा लागेल असं एकाने सांगितलं. आजोबांच्या कुंद्याला करवत लावायची इच्छा नाही.

जुना_लायसन्सधारक
कापू नका. मोज्यासारखं चढवायचं चामड्याचं कव्हर मिळतं, आत मऊ पॅड असतं, मूळ लाकडाला स्क्रूसुद्धा लागत नाही. लांबी थोडी वाढेल. तुमचे हात लांब असतील तर उलट बरंच, नसतील तर दुर्बिणीच्या रिंगा सैल करून ती पुढे-मागे करून घ्या, गनस्मिथकडूनच. कव्हरची दोरी घट्ट बांधा, ढिली राहिली की दुसऱ्या राउंडला ते फिरतं आणि मऊ भाग बगलेत जातो.

कामठीचा_तोपची
आणि बिचकणं घालवायला मित्राला सोबत घ्या. तुम्ही पाठ फिरवा, त्याने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये डमी (न उडणारी खोटी काडतुसं) मिसळून भरावीत, कोणतं कधी येणार ते तुम्हाला माहीत नको. डमीवर घोडा पडला आणि नळीचं तोंड खाली गेलं की तो सगळ्यांसमोर दिसतो तुमचा बिचका. आम्ही जवानांना असंच शिकवायचो, दोन-चार वेळा पोरं हसली की चौथ्यांदा नळी जागची हलत नाही.

भिवापूरचा_शेतकरी
ते चामड्याचं कव्हर १२ बोअरले बसते का?

जुना_लायसन्सधारक
बसतं दादा. माप घेताना बटची उंची वरपासून खालपर्यंत मोजा, रुंदी नको. पाच इंचाच्या आसपास असेल तर मधलं माप मागा.